खेळ मांडणार कोण?

लहान मुले खेळातून शिकतात, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र आणली. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्याने खेळालाच शिकवण्याचा गाभा मानले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाहुल्या, कोडी, खेळणी, चित्रकार्डे यांनी भरलेला 'जादुई पिटारा' आला, तर मार्च २०२४ मध्ये अंगणवाडीतल्या तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम. कागदावर खेळ जिंकलेला आहे.

वर्गात तो हरतो आहे. चार वर्षांच्या मुलाच्या दप्तरात दुरेघी, चाररेघी आणि चौकटीची अशा तीन वह्या असतात. ज्युनिअर केजीत एक ते पन्नास, सीनिअर केजीत एक ते शंभर, शिवाय इंग्रजी स्पेलिंगे. बाहुल्या आणि ठोकळे भिंतीवरच्या रंगीत चित्रात असतात, किंवा प्रवेशाच्या दिवशी पालकांना दाखवायच्या खोलीत. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४ हजार मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत माग काढणारा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ, असर सेंटर आणि युनिसेफ यांनी तो केला होता. शाळेत जायची वेळ आली तरी बहुतेक मुलांची तयारी फार कमी होती, असे त्यात दिसले. खासगी बालवर्गांत घोकंपट्टी आणि लेखन चालत होते, अंगणवाड्यांत बरेचदा फारसे काहीच चालत नव्हते. ज्या थोड्या ठिकाणी वयाला साजेसे, खेळातून शिकणे होते, तिथली मुले पुढे गेली होती.

म्हणजे खेळ हवा की नको, हा वाद संपला आहे. कोणता खेळ, तो कोणी मांडायचा, त्यातून नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे प्रश्न उरले आहेत. दीडशेहून अधिक वर्षांचे अनुभव आणि अलीकडचे संशोधन समोर ठेवून मी त्यांचा आढावा घेतो आहे.

सुरुवात जर्मनीत झाली. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी खेळ आणि उद्योगाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. त्यांनी मुलांच्या हातात ठरावीक क्रमाने वस्तू दिल्या. आधी लोकरीचे सहा रंगीत चेंडू. मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल. मग आठ छोट्या घनांत सुटणारा एक मोठा घन. तो सोडवायचा, त्याची खुर्ची करायची, पूल करायचा आणि खेळ संपला की पुन्हा पूर्ण घन करून ठेवायचा. पूर्णातून भाग आणि भागांतून पूर्ण, हे मूल बोटांनी शिकत होते. इतक्या निरुपद्रवी गोष्टीची प्रशियाच्या सरकारला भीती वाटली आणि १८५१ मध्ये तिथे किंडरगार्टनवर बंदी आली. फ्रोबेल यांच्या पुतण्याची राजकीय मते आणि काकांचे शिक्षण यांची सरकारने गल्लत केली, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली ती १८६० मध्ये, पण तोवर त्यांच्या शिष्यांनी हा विचार युरोपभर आणि अमेरिकेत नेला होता.

मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालघर उघडले, तेव्हा त्यांची दृष्टी वैद्याची होती. गुलाबी मनोरा, दट्ट्यांच्या पेट्या, बोट फिरवून ओळखायची पॉलिश पेपरची खरखरीत अक्षरे ही त्यांची साधने अशी घडवलेली आहेत की चूक साधनच दाखवते. दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला तर शेवटी एक उरतो. 'चुकलास' असे कोणी म्हणावे लागत नाही. माझ्या मते बालशिक्षणातला हा सर्वांत मोलाचा शोध आहे, कारण त्याने मोठ्यांच्या शाबासकीचा आणि रागाचा धाक मुलाच्या डोक्यावरून काढला. मात्र माँटेसरींचा भर खऱ्या कामावर होता. कल्पनेच्या खेळाबद्दल आणि परीकथांबद्दल त्यांना फारसे प्रेम नव्हते. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि त्या वर्षांत भारतातल्या शेकडो शिक्षकांनी त्यांच्याकडून प्रशिक्षण घेतले.

त्यांची पद्धत इकडे त्याच्या कितीतरी आधी पोहोचली होती. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांनी साधने माँटेसरींची घेतली, पण माँटेसरींनी दूर ठेवलेली गोष्ट वर्गात आणून बसवली. गोष्टी, नाटुकली, गाणी, बागेतली माती हे सगळे त्यांच्या बालमंदिरात होते. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंनी पुढे १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले. तिथे त्यांना एक गोष्ट सलत राहिली. हे शिक्षण मध्यमवर्गीय मुलांपुरते उरत होते. साधनांचा संचच इतका महाग की खेड्यातल्या बालवाडीने त्याचे नावही काढू नये.

म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. या केंद्राने केलेल्या कामाचे महत्त्व आपल्याला अजून पुरते कळलेले नाही असे मला वाटते. इंद्रियशिक्षणाचे तत्त्व त्यांनी ठेवले आणि साधने बदलली. शिंपले, बिया, गोटे, पाने, नारळाच्या करवंट्या, बांबूच्या कांड्या, चिकणमाती ही समुद्रकाठच्या गावात फुकट मिळणारी सामग्री वर्गीकरणाला, मोजायला, लहान-मोठे लावायला तितकीच चोख निघाली. आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हाही दिवसाच्या कामाचा भाग होता, कारण मूल अंगाने ताजे नसेल तर हात कशातच रमत नाहीत. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचे मूळ तिथे आहे. दशकभराने केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असलेली विकासवाडी तिथे झाली, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणारी वारली मुलगीही शिकू शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली.

यातून एक गोष्ट दिसते. खेळाची साधने कुठली, हा दुय्यम प्रश्न आहे. ती कशासाठी निवडली हे जाणणारे माणूस तिथे असणे पहिले.

आता मुलाच्या हाताकडे येऊ. जन्मतः मनगटातली आठही छोटी हाडे कूर्चेचीच असतात. ती एकेक करून कठीण होत जातात आणि शेवटचे हाड घडायला दहाव्या वर्षाच्या आसपासचा काळ उजाडतो. चार वर्षांच्या मुलाचा हात पेन्सिलीच्या बारीक कामाला अजून तयार होत असतो. माती मळणे, पिंपातले पाणी मगाने ओतणे, कपडे पिळणे, दोऱ्यात मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, चिमट्याने शेंगदाणे उचलणे, या प्रत्येक कामात खांदा, कोपर, मनगट आणि बोटे क्रमाने ताब्यात येतात. वळणदार अक्षराची खरी पूर्वतयारी ही आहे. वर्षभर रेघोट्या गिरवून जे साधत नाही ते पोळीचा गोळा लाटून साधते, हे बालवाडीतल्या जाणत्या बाई नेहमी सांगत आल्या आहेत.

हातामागे डोकेही चालत असते. उंच पेल्यातले पाणी पसरट वाडग्यात ओतले की पाच वर्षांच्या मुलाला ते कमी झाल्यासारखे वाटते. ज्याँ पियाजे यांनी हे नीट तपासून दाखवले. ही समजूत सांगून जात नाही. पुन्हा पुन्हा इकडून तिकडे ओतून, सांडून, मोजून ती आपोआप बदलते. लाल-पिवळा-पिवळा, लाल-पिवळा-पिवळा अशी माळ ओवणारे मूल नियम शोधते आहे, पुढे बीजगणितात लागणारी हीच सवय आहे. ठोकळ्यांचा मनोरा कोसळला की खाली रुंद आणि वर अरुंद हे कळते. चिंचोके, गजगे आणि राजम्याचे दाणे वेगळे करताना मुले आधी रंगाने लावतात, मग आकाराने, आणि काही काळाने दोन्ही कसोट्या एकदम धरतात. असरने २०१९ मध्ये चार ते आठ वयाच्या सुमारे ३७ हजार मुलांना असेच वर्गीकरण, क्रम, आकृतिबंध आणि कोडी करायला दिली होती. ती ज्यांना चांगली जमली त्यांचे वाचन आणि गणितही पुढे होते.

भातुकलीचे काय? माँटेसरींनी बाजूला ठेवलेला हा खेळ लेव व्हिगोत्स्की यांनी केंद्रस्थानी आणला. काठीचा घोडा करणारे मूल वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करते, आणि हीच क्षमता पुढे अक्षर आणि अंक या चिन्हांना लागते, असे त्यांचे म्हणणे. त्यांची दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. 'दुकान-दुकान' खेळताना जो दुकानदार झाला त्याला हवा तो लाडू स्वतः खाता येत नाही, गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते. म्हणजे खेळात मूल स्वतःला आवरते, तेही आपल्या मर्जीने. भांडणे होतात, 'आता मी आई' यावरून वाद होतो, तह होतो. अशा वेळी भाषा धबधब्यासारखी येते, आणि ती घरची असते. वारली, कातकरी, कोरकू, पावरी, गोंडी बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या तक्त्यापुढे गप्प असते. बाहुलीला जेवू घालताना ते गप्प राहत नाही. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत खेळाचा कोपरा हवाच, कारण बरेचदा मूल मोकळेपणाने बोलते अशी वर्गातली ती एकच जागा असते.

असे असले तरी खेळाची बाजू घेणाऱ्यांनी अतिशयोक्ती करू नये. ॲन्जेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कल्पनेच्या खेळावरचे संशोधन एकत्र तपासले. या खेळामुळेच बुद्धी, सर्जनशीलता किंवा आत्मसंयम वाढतो असे ठामपणे म्हणावे, इतका पुरावा नाही, असे त्यांना दिसले. खेळ आणि विकास सोबत चालतात, पण कोण कोणाला ओढते ते नेहमी सांगता येत नाही. या निष्कर्षाने खेळ टाकाऊ ठरत नाही. आपण दावे जपून करावेत एवढेच तो सांगतो.

अधिक पक्के उत्तर मिळते ते मांडलेल्या खेळाबद्दल. त्यात उद्देश मोठ्याच्या मनात असतो, साहित्य तो निवडतो, पण खेळाची सूत्रे मुलाच्या हातात राहतात. २०१३ च्याच एका प्रयोगात चार-पाच वर्षांच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला त्रिकोण, पंचकोन वगैरे आकार समजावून सांगितले, दुसऱ्याला त्याच वस्तूंशी मोकळे खेळू दिले. तिसऱ्या गटात मोठा माणूस मुलांसोबत गुप्तहेर झाला आणि 'यांचे गुपित काय' ते बोटांनी बाजू आणि कोपरे मोजत त्यांनी मिळून शोधले. वाकडातिकडा, लांबुळका त्रिकोणही त्रिकोणच असतो, हे तिसऱ्या गटाला सर्वांत चांगले उमगले. २०२२ मध्ये अशा ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सुरुवातीचे गणित, आकारांचे ज्ञान आणि एका कामातून दुसऱ्यात लक्ष वळवणे यांत मांडलेला खेळ थेट शिकवण्यापेक्षा सरस ठरला. बऱ्याच इतर बाबतींत दोघांत फरक आढळला नाही. मला हाही निकाल मोठा वाटतो. परिणाम सारखाच असेल, तर चार वर्षांच्या मुलाला रडवून शिकवायचे कारणच काय?

भारतातला सर्वांत डोळे उघडणारा प्रयोग दिल्लीचा आहे. प्रथम संस्थेच्या २१४ बालवाड्यांत दीड हजारांवर मुलांना चार महिने गणिती खेळ दिले गेले. ठिपक्यांच्या दोन गठ्ठ्यांपैकी मोठा कोणता, वेगळा आकार कोणता, असे ते खेळ होते. एस्थर डुफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्की या संशोधकांच्या गटाचा निष्कर्ष २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. मुलांची संख्येची आणि आकाराची अंगभूत जाण वाढली आणि वर्षाहून अधिक काळ टिकली. परंतु प्राथमिक शाळेत गेल्यावर आकड्यांच्या गणितात ती मुले पुढे राहिली नाहीत. खेळात कमावलेली जाण आपोआप पाटीवर उतरली नाही. खेळ आणि चिन्ह यांच्यामध्ये कोणीतरी पूल बांधावा लागतो. सात चिंचोके मोजून झाल्यावर ७ हे चिन्ह शेजारी ठेवावे लागते, तेही ते मूल मोजण्यात रंगलेले असताना.

अक्षरांचेही तसेच आहे. 'बालवाडीत अक्षर नकोच' ही टोकाची भूमिका मला मान्य नाही. ज्या घरात पुस्तके आहेत तिथल्या मुलाला अक्षरे घरी भेटतात. ज्या घरात नाहीत तिथल्या मुलाला ती बालवाडीत भेटली नाहीत तर पहिलीत एकदम अंगावर येतात. प्रश्न भेट कशी घडवायची हा आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेने यावर चिकाटीने काम केले आहे. मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणे, मुलाने काढलेल्या चित्राखाली त्याने सांगितलेले वाक्य त्याच्यादेखत लिहिणे, हजेरीला स्वतःच्या नावाची पट्टी उचलून लावणे, ही अक्षरांची खेळकर ओळख आहे. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत तक्ता पाठ म्हणवून घेण्यापेक्षा ती कितीतरी अर्थपूर्ण ठरते, कारण लिहिलेले हे बोललेलेच असते हे मुलाला आधी कळते.

आता सगळा भार ज्या एका व्यक्तीवर येऊन पडतो, तिच्याकडे वळू. पूल बांधणारी, साहित्य निवडणारी, योग्य क्षणी एक प्रश्न विचारून बाजूला होणारी बाई किंवा ताई. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तिथल्या सेविकेच्या वाट्याला वजन-उंची, गरम आहार, घरपोच आहार, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, गरोदर मातांच्या नोंदी आणि पोषण ट्रॅकरवर भरायची माहिती असते. तीन ते सहा वर्षांची सगळी मुले एकाच खोलीत, मदतनीस स्वयंपाकात. तिला मिळते ते मानधन. अशा परिस्थितीत पिटारा आला तरी तो अनेकदा कपाटात राहतो. त्याला आणखी एक कारण आहे. साहित्य डेडस्टॉक रजिस्टरला चढते, आणि तुटले-हरवले तर जबाब तिलाच द्यावा लागतो. खेळणी वापरून झिजली तर शाबासकी मिळाली पाहिजे. आपण ती जपून ठेवणाऱ्याला देतो. हा नियम एका शासन निर्णयाने बदलता येईल, त्याला पैसाही लागत नाही.

दुसऱ्या बदलाला पैसा लागतो, आणि तो वाया जात नाही हे तमिळनाडूत सिद्ध झाले आहे. तिथल्या ६४० अंगणवाड्यांत झालेल्या प्रयोगात काही केंद्रांना केवळ बालशिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा ताई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारले, आणि मूळ सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष देता आल्याने कुपोषणही घटले. खेळाच्या बाजूने इतकी वर्षे भाषणे ऐकल्यावर मला हा एक निकाल त्या सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. महाराष्ट्राने निदान डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांपासून तरी हे सुरू करावे.

प्रशिक्षणाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. दोन-चार दिवसांच्या शिबिरात पाच गाणी आणि दहा खेळ शिकवता येतात. मूल खेळत असताना काय पाहायचे, हे तिथे शिकवता येत नाही. ते दुसऱ्या जाणत्या बाईच्या वर्गात बसून, आणि नंतर आपल्या वर्गात कोणीतरी येऊन बसल्यानेच येते. बोर्डी-कोसबाडला कार्यकर्त्या अशाच घडल्या. गेल्या दशकात कृतीयुक्त शिक्षणाची लाट जिल्हा परिषदेच्या शाळांतून आली, तेव्हा फरशीवर चौकटी, आकडे, अक्षरे रंगवली गेली. ज्या शाळांनी त्यामागचा विचार समजून घेतला तिथे मुले खरोखर फुलली. बाकीच्या ठिकाणी रंग राहिला आणि मुले त्या चौकटींवर रांगेत बसून पुन्हा पाढे म्हणू लागली.

शहरातल्या खासगी बालवर्गांची गोष्ट निराळी आहे. शिक्षणहक्काचा कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो, त्यामुळे त्याआधीचा बाजार जवळजवळ मोकळा राहिला. १९९३ मध्येच यशपाल समितीने बालवर्गांच्या प्रवेशासाठीच्या मुलाखती, चाचण्या आणि लेखन-वाचनाचे औपचारिक शिक्षण थांबवायला सांगितले होते. तीस वर्षांनंतरही फ्लॅटच्या दोन खोल्यांत, मैदानाशिवाय, वर्कशीटवर बालवर्ग चालतात. पालकांना दोष देणे सोपे आहे, पण ते भीतीपोटी वागतात. पहिलीत गेल्यावर आपले मूल मागे पडेल ही त्यांची भीती खरी आहे, कारण पहिलीची अपेक्षाच तशी ठेवलेली असते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा अनुभव त्यांना सांगायला हवा. तिथल्या सरकारी बालवर्गांत सोडतीने प्रवेश मिळालेली मुले वर्षअखेरीस पुढे दिसली. सहावीपर्यंत मात्र ती प्रवेश न मिळालेल्या मुलांच्याही मागे गेली आणि त्यांच्या शिस्तीच्या तक्रारीही अधिक होत्या. या मुलांचा माग घेणाऱ्या अभ्यासकांपैकी डेल फॅरन यांनी याचे एक संभाव्य कारण म्हणून वर्गातल्या पद्धतीकडे बोट दाखवले आहे. मोठ्या गटाला बसवून बोलणे फार, आणि मोकळेपणे हिंडणे-हाताळणे कमी. लवकर दिसलेली हुशारी टिकतेच असे नाही.

पालकांना व्याख्यानाने पटत नाही. ते महिन्यातून एका सकाळी वर्गात येऊन बसले, आपले मूल मापाने पाणी ओतताना काय बोलते ते त्यांनी ऐकले, म्हणजे पटते. काही बालवाड्या वहीऐवजी मुलाच्या कामाची थैली घरी पाठवतात. तिच्यात चित्रे, ठसेकाम, चिकटकाम आणि प्रत्येकावर तारीख घालून त्या दिवशी मुलाने काय केले याची बाईंनी लिहिलेली एक ओळ असते. दोन-तीन महिन्यांची कामे शेजारी ठेवली की प्रगती दिसते, आणि 'आज काय शिकवलं?' या प्रश्नाचे उत्तर आईच्या हातात असते.

कामाची सर्वांत मोठी संधी मला पहिलीच्या उंबरठ्यावर दिसते. एनसीईआरटीने २०२१ मध्ये 'विद्याप्रवेश' हा पहिलीच्या पहिल्या तीन महिन्यांचा खेळाधारित कार्यक्रम दिला. महाराष्ट्रात २०२२ पासून 'पहिले पाऊल' शाळापूर्व तयारी मेळावे भरतात आणि त्यांत माता हिरिरीने येतात. पण मेळावा संपला की पहिलीच्या बाईंसमोर मूल पुन्हा कोरे होऊन उभे राहते. कोणाला सात वस्तू मोजता येतात, कोण दुसऱ्याला वाटून देते, कोण फक्त कोरकूतच बोलते, हे अंगणवाडीच्या ताईला तीन वर्षांचे ठाऊक असते. ते तिला कोणी विचारत नाही. पुष्कळ गावांत अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे. मे महिन्याच्या सुटीआधी दोघींनी दोन दिवस एकत्र बसावे, एकेका मुलावर बोलावे, आणि ताईने पहिले काही आठवडे रोज तासभर पहिलीच्या वर्गात यावे. तो तास तिच्या कामात धरला जावा आणि त्याचे पैसे तिला मिळावेत.